चननसिंग कोण होणार?

जानेवारीचा दुसरा आठवडा. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, तरी प्रजासत्ताक दिन जवळ आला की शाळेतून निरोप येतो : सर, नाटक बसवून द्या. नाटक ठरलेलं असतं, भगतसिंग. बाक भिंतीला लावले, फळ्यावर पात्रांची नावं लिहिली, आणि भगतसिंगासाठी सात हात वर झाले. साँडर्सही लगेच मिळाला, कारण एका पोराच्या मामाकडे हॅट आहे. राजगुरू, सुखदेव, आझाद वाटून झाले. फळ्यावर एकच नाव उरलं.

'हा चननसिंग कोण आहे जी?'

'हेड कॉन्स्टेबल. साँडर्सला मारून हे पळतात, तेव्हा मागे धावतो. आझाद त्याला गोळी घालतात.'

'डायलॉग?'

'नाही.'

'मंग मी काऊन मरू फुकट?'

वर्ग हसला. मीही हसलो. घरी येताना कन्हानच्या पुलापर्यंत उगाच फिरून आलो.

*

१७ डिसेंबर १९२८, लाहोर. मारायचं होतं पोलीस सुपरिंटेंडंट स्कॉटला, कारण लाला लजपतराय लाठीमारानंतर गेले त्याचा जाब त्याला विचारायचा होता. बाहेर आला साँडर्स. राजगुरूंनी पहिली गोळी घातली, मग भगतसिंगांनी. चननसिंग मागे धावला आणि मेला. नंतर लाहोरात जी पत्रकं लागली, त्यांत माणूस मारावा लागल्याचं दुःखही लिहिलेलं होतं. हे मी चाळीस वर्षं वर्गात शिकवलं. पत्रकाची ओळ शिकवली, शिपायाची नाही. तो पंजाबी माणूस होता, सरकारी पगारावर होता, आणि 'थांबा' म्हटल्यावर थांबला नाही, एवढंच त्याचं चरित्र. घरी कोण होतं, कोणी लिहून ठेवल्याचं माझ्या वाचनात नाही.

*

'रंग दे बसंती' २००६ च्या प्रजासत्ताक दिनाला लागला. आम्ही चौघं शिक्षक नागपूरला जाऊन पाहून आलो. राकेश ओमप्रकाश मेहरांचं दिग्दर्शन. दिल्लीतली टवाळ पोरं एका इंग्रज मुलीच्या माहितीपटात क्रांतिकारकांची कामं करतात. मग त्यांचा वैमानिक मित्र मिग विमान पडून मरतो. संरक्षणमंत्री म्हणतो, चूक वैमानिकाची. इंडिया गेटवर मेणबत्त्या घेऊन बसलेल्यांवर लाठ्या पडतात. पोरं मंत्र्याला गोळ्या घालतात, आणि पडद्यावर तो खून नि साँडर्सचा खून एकमेकांत मिसळत जातात. मंत्र्याच्या कामात मोहन आगाशे. आमचे घाशीरामवाले नाना फडणवीस! मराठी माणसाला त्यांना मरताना पाहून जरा कसंसं व्हायला हवं होतं. पण टॉकीजात शिट्ट्या पडल्या आणि मी टाळ्या वाजवल्या.

हे लिहून ठेवतो, कारण पुढे मी शहाणपणाचं बोलणार आहे.

शेवटच्या एसटीत कोणी बोलत नव्हतं. सावनेर तालुक्याच्या हद्दीत शिरल्यावर आमचे गणिताचे सर म्हणाले, 'मंत्र्याच्या बंगल्यावर शिपाई असतीन ना. त्यायचं काय झालं असन?' आम्ही त्यांना 'भैताड' म्हटलं आणि झोपलो.

*

त्या सिनेमातलं विमान हवेतून आलं नव्हतं. फ्लाइट लेफ्टनंट अभिजित गाडगीळ हा मराठी वैमानिक सप्टेंबर २००१ मध्ये राजस्थानात सुरतगडजवळ मिग-२१ कोसळून गेला. दोष त्याच्यावर आला. त्याची आई, कविता गाडगीळ, गप्प बसल्या नाहीत. पत्रं लिहिली, वर्तमानपत्रांकडे गेल्या, अधिकाऱ्यांना प्रश्न विचारले, मिगच्या सुरक्षिततेचा विषय लोकांसमोर आणला. वडील अनिल गाडगीळ स्वतः हवाई दलातून निवृत्त झालेले. पुढे दोघांनी मिळून पुण्यात वैमानिकांच्या प्रशिक्षणासाठी संस्था उभी केली.

आता या हकीकतीचा सिनेमा करून पाहा. नायिका पन्नाशीची. पहिल्या अंकात पत्र लिहिते. मध्यंतराआधी पत्राचं उत्तर येत नाही. मध्यंतरानंतर दुसरं पत्र लिहिते. शेवटी कोणी मरत नाही, आणखी वैमानिक जगावेत म्हणून वर्ग सुरू होतात. निर्माता चहा पाजून वाटेला लावील.

सिनेमानं आईला रुग्णालयाच्या खाटेवर निजवलं आणि पिस्तूल मित्रांच्या हातात दिलं. पडद्याला घाई असते हे समजतं. तरी खटकत राहतं, कारण खरी लढाई ज्यांनी लढली त्यांच्या हातात पेन होतं.

*

त्याच वर्षी, सप्टेंबरात, 'लगे रहो मुन्नाभाई' आला. राजकुमार हिरानी नागपूरचे, वडिलांची टायपिंग इन्स्टिट्यूट होती. नागपुरात हे आम्ही असं सांगतो, जणू त्या टाइपरायटरवर आम्हीच बोटं आपटली. दिलीप प्रभावळकरांचे गांधी पाहून माझी आई टॉकीजात हात जोडून बसली होती. प्रभावळकरांना त्यासाठी राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला.

एका वर्षात एकाच प्रश्नाची दोन उत्तरं : पिस्तूल आणि फुलं. पोरांना दोन्ही आवडली. माझी तक्रार दुसऱ्याबद्दलही आहे. सिनेमातल्या गांधीगिरीत फुलं पाठवली की समोरचा तासाभरात विरघळतो. फुलं पाठवणारा लाठी खाऊन सहा महिने आत जातो, बाहेर येऊन पुन्हा फुलं पाठवतो, हे तिथेही नाही.

*

'रंग दे बसंती'चा परिणाम काय झाला यावर तेव्हा रकानेच्या रकाने भरून आले. गंमत अशी, की फेब्रुवारी २००६ मध्ये जेसिका लाल प्रकरणातले आरोपी सुटले, तेव्हा दिल्लीची पोरं इंडिया गेटवर गेली ती मेणबत्त्या घेऊन. सिनेमात हरलेली वस्तू त्यांनी उचलली, जिंकलेली तिथंच ठेवली. डिसेंबरात उच्च न्यायालयानं निकाल फिरवला. म्हणजे प्रेक्षक दिग्दर्शकाहून शहाणा निघाला, असं मी स्टाफरूममध्ये मोठ्यानं बोललो होतो.

त्याच वर्षीचा २९ सप्टेंबर. खैरलांजी. शेजारचा भंडारा जिल्हा. भोतमांगे कुटुंबातली चार माणसं मारली गेली. महिनाभर मोठ्या वर्तमानपत्रांना जाग आली नाही. नोव्हेंबरात लोक नागपुरात रस्त्यावर उतरले, त्यांच्यावर लाठ्या पडल्या, आणि आंदोलनामागे नक्षलवादी आहेत असं खुद्द गृहमंत्री आर. आर. पाटील बोलले. इंडिया गेटवर बसलेल्यांना कोणी नक्षलवादी म्हटलं नव्हतं. पडद्यावर मंत्र्याला मारून आकाशवाणी ताब्यात घेणाऱ्यांनाही नाही.

समजा, तीच गोष्ट, तेच पिस्तूल, पण पोरं दिल्ली विद्यापीठाची नसून मोहाडीची किंवा एटापल्लीची. टाळ्या पडल्या असत्या? मी वाजवल्या असत्या? शिक्षक म्हणून प्रामाणिक उत्तर द्यायचं, तर हात मांडीवरच राहिले असते. गडचिरोलीत १ मे २०१९ ला, महाराष्ट्रदिनीच, जांभुळखेड्याजवळ स्फोट झाला. पंधरा जवान आणि गाडीचा ड्रायव्हर गेला. ते घडवणारेही स्वतःला भगतसिंगाचे वारस म्हणवतात. पिस्तुलाचं उदात्तीकरण करायचं की नाही, हा प्रश्न आपण विचारतो खरा. त्याआधी हात कोणाचा आहे ते पाहून घेतो.

*

आमच्या गल्लीतल्या विणकरदादांकडे गेलो होतो. आमचं खापा हे कोष्ट्यांचं गाव. एकेकाळी गल्लीत शिरलं की मागांचा खटखटाट आणि धोट्याची सळसळ. आता दादांचा माग भिंतीला टेकवलेला, त्यावर कांद्याचं पोतं.

दादा हिंदी पिक्चरचे दर्दी. मी विचारलं, हे गोळीबाराचे देशभक्तीचे पिक्चर बरे की वाईट?

'पिक्चर पिक्चर असते, गुर्जी. तीन घंटे डोक्यातली किटकिट जाते. घरी येऊन कोणी कोणाले मारत नाई.'

'पण पोरांच्या मनावर...'

'पोट्ट्यायच्या मनावर मोबाइलचा परिणाम होते.' मग जरा थांबून : 'एक सांगू का? पिक्चरमधी त्यायले मंत्री सापडते. आता माहा माग बंद पडला. सूत महाग झालं, पावरलूम आला, लुगडं नेसनाऱ्या बाया सरल्या. म्या गोई कोनाले घालू? सुतावाल्याले? का लुगडं न नेसनाऱ्या सुनंले?'

सून आतून हसली.

या वाक्यानंतर माझी वही दोन दिवस कोरी होती. सिनेमाला खलनायकाचा चेहरा लागतो. नाही सापडला, तर एकाला धरून त्याच्या तोंडावर सगळं थापतात.

*

मराठी माणसानं उगाच हिंदीवाल्यांकडे बोट दाखवू नये. 'अर्धसत्य' (१९८३) श्री. दा. पानवलकरांच्या 'सूर्य' कथेवरचा, पटकथा तेंडुलकरांची, कविता चित्र्यांची. 'अंकुश' (१९८६) एन. चंद्रांचा, म्हणजे आपल्या चंद्रशेखर नार्वेकरांचा. 'प्रहार' (१९९१) तर नाना पाटेकरनं स्वतः दिग्दर्शित केला. हिंदी पडद्यावरच्या संतापी तरुणाला अर्धं दूध मराठी घरातलं मिळालेलं आहे.

पण या तिघांत एक गोष्ट आहे. 'अर्धसत्य'मधला वेलणकर रामा शेट्टीचा गळा दाबतो आणि चालत पोलीस ठाण्यात येऊन सांगतो, मी मारलं. 'अंकुश'मधली पोरं फासावर जातात. 'प्रहार'चा मेजर वेड्यांच्या इस्पितळात. हात रंगला तर त्याचा हिशेब पडद्यावरच मांडलेला, अर्धामुर्धा का होईना. 'रंग दे बसंती'तही पोरं मरतात, मान्य. पण ती हसत मरतात, आणि मग हिरव्या शेतात पुन्हा भेटतात. तिथं हिशेब धुऊन निघतो.

नचिकेत आणि जयू पटवर्धनांचा '२२ जून १८९७' (१९७९) पाहिलेल्यांना मी काय म्हणतो ते कळेल. गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँड आणि आयर्स्टला मारणारे चापेकर त्यात देव नाहीत. तापट आहेत, सोवळ्याओवळ्याचे कट्टर आहेत, शूर आहेत. फितुरी करणाऱ्या द्रविड बंधूंचा खूनही त्याच गोष्टीचा भाग. तीन भाऊ आणि रानडे फासावर गेले. सिनेमा संपल्यावर टाळी वाजवावी की नाही हे कळत नाही, म्हणून बहुधा तो कोणी पंधरा ऑगस्टला लावत नाही.

शूजित सरकारचा 'सरदार उधम' (२०२१) मोबाइलवर पाहिला. गोळी झाडण्याचा क्षण त्यात लवकर उरकलेला. शेवटी मात्र जालियनवाला बागेची ती रात्र, हातगाडीवर जखमी वाहून नेणारा पोरगा, पुन्हा पुन्हा, संपतच नाही. मी दोनदा थांबवला, पाणी प्यालो, पुन्हा लावला. हिंसेचा सिनेमा करायचा तर असा करा. शिट्टी मारायला ओठच जुळत नाहीत.

*

आता चिमूर. इथं मला थांबायचं आहे.

१६ ऑगस्ट १९४२, नागपंचमी. तुकडोजी महाराजांच्या भजनांनी तो भाग आधीच तापलेला. गांधी आठवड्यापूर्वी पकडले गेलेले. सकाळी प्रभातफेरी निघाली. पोलिसांच्या गोळीबारात बालाजी रायपूरकर हा सोळा वर्षांचा पोरगा गेला. मग जमाव उलटला. डाकबंगला पेटला. उपविभागीय दंडाधिकारी डुंगाजी, नायब तहसीलदार सोनवणे, सर्कल इन्स्पेक्टर जरासंध आणि एक शिपाई मारले गेले. त्याच दिवशी वर्धा जिल्ह्यात आष्टीच्या ठाण्यावरही लोक चालून गेले. तिथंही गोळीबार झाला, तिथंही दोन्हीकडची माणसं मेली.

नावं वाचा. एकही गोरा नाही. डुंगाजी, सोनवणे, जरासंध. चिमूर म्हटलं की बालाजी आठवतो, आठवलाच पाहिजे. उरलेली तीन नावं मी या वर्षी पहिल्यांदा एकाखाली एक लिहिली.

हिंदी सिनेमा इथं संपला असता. ज्वाळा, झेंडा, पोराचं प्रेत खांद्यावर, पडदा. चिमूरमध्ये मात्र १७ तारीख उजाडली, मग १८ उजाडली. १९ ला लष्कर आलं. पुरुष पळालेले किंवा धरलेले. घरं लुटली, बायकांवर अत्याचार झाले. गावावर सामुदायिक दंड बसला. लढा पुरुषांनी केला आणि वसुली बायकांकडून झाली, असं मी म्हटलं तर काहींना राग येईल. पण त्या गावातल्या म्हाताऱ्या याहून कडक बोलल्या असतील.

आणि मग चिमूरच्या गोष्टीत सेवाग्रामहून प्रा. जयकृष्ण भणसाळी आले. माणूस जगावेगळा. तेव्हा आपल्या यवतमाळचे लोकनायक अणे व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात होते. भणसाळी दिल्लीला जाऊन त्यांच्या दारात बसले : चिमूरच्या अत्याचारांची चौकशी करा. तिथून पकडून परत पाठवले. ११ नोव्हेंबर १९४२ पासून उपोषण. सरकारनं उपोषणाची बातमी छापायलाच बंदी घातली. त्याविरुद्ध देशातल्या वर्तमानपत्रांनी ६ जानेवारीला हरताळ पाळला. १२ जानेवारी १९४३ ला उपोषण सुटलं. ६३ दिवस.

लाहोरच्या तुरुंगात भगतसिंगांचा सोबती जतीन दास उपोषणाच्या ६३ व्या दिवशीच गेला होता, १९२९ मध्ये. हा आकडा जुळला तेव्हा मी वहीत दोनदा मोजून पाहिलं. पिस्तूलवाल्यांनाही शेवटी उपाशी बसावं लागलं आणि देश खरा हलला तो त्या उपोषणानं. लाहोरच्या त्या पोरांचे सिनेमे किती निघाले! २००२ च्या जूनमध्ये तर एकाच शुक्रवारी दोन भगतसिंग आले, अजय देवगणचा आणि बॉबी देओलचा. भणसाळींचा एकही नाही. एक माणूस, एक खाट, ६३ दिवस. कॅमेरा कुठं लावणार?

आणखी एक बाई राहिल्या. अनसूयाबाई काळे. चिमूर-आष्टी खटल्यांत फाशीच्या शिक्षा झालेल्यांसाठी या नागपूरच्या बाई अर्ज करत, दारं ठोठावत, पैसे गोळा करत राहिल्या. १९४५ मध्ये शेवटच्या सात जणांची फाशी टळून जन्मठेप झाली. सात माणसं जिवंत राहिली, अर्जांमुळे.

अर्ज. हा शब्द कुठल्या सिनेमाच्या पोस्टरवर पाहिलाय कोणी?

*

शंकर महाले. नागपूरचा पोरगा, अठराएक वर्षांचा. बेचाळीसच्या धामधुमीत शिपायाच्या खुनाच्या आरोपावरून १९ जानेवारी १९४३ ला नागपूरच्या तुरुंगात फाशी. उद्या १९ आहे. तालमीला पोरांना सांगीन म्हणतो. त्याचं नाव सांगायला अवघड नाही. मग कोणी विचारील, 'शिपायाचं नाव काय होतं सर?'

*

हलकं काहीतरी. १९२७ मध्ये नागपुरात मंचरशा आवारी नावाच्या पारशी गृहस्थानं शस्त्रबंदीच्या कायद्याविरुद्ध सत्याग्रह केला. कसा? हातात उघड तलवारी घेऊन मिरवणूक! तलवार चालवायची नाही, नुसती घेऊन चालायचं आणि पकडून घ्यायचं. लोक त्यांना 'जनरल आवारी' म्हणू लागले. गांधींना हा प्रकार मुळीच पटला नाही, त्यांनी तसं लिहिलंही. आवारींनी पुढं तुरुंगात ७५ दिवस उपोषण केलं.

तलवारीवाला सत्याग्रही! नागपुरी माणसाला हिंसा-अहिंसा यांतलं एक निवडा म्हटलं, की तो दोन्ही ताटात वाढून घेतो. या माणसावर सिनेमा का निघत नाही? यात तर तलवारही आहे.

*

१९२३ चा झेंडा सत्याग्रह नागपूरचाच. सिव्हिल लाइन्समध्ये झेंडा घेऊन जायला बंदी. रोज एक तुकडी निघायची, झेंडा घेऊन चालायची, पकडली जायची. दुसऱ्या दिवशी दुसरी. जमनालाल बजाज आत गेल्यावर वल्लभभाई पटेल आले. सुभद्राकुमारी चौहानही त्यात पकडल्या गेल्या. देशभरातून आलेली हजाराहून अधिक माणसं तुरुंगात गेली. १८ ऑगस्टला मिरवणूक त्याच बंदी असलेल्या रस्त्यावरून गेली.

पंधरा ऑगस्टला गाडीच्या आरशाला प्लास्टिकचा झेंडा लावणाऱ्या किती जणांना हे माहीत आहे? मला शिक्षक होऊन दहा वर्षं होईपर्यंत माहीत नव्हतं.

*

हिवाळी अधिवेशन. दर डिसेंबरला नागपुरात मोर्चे. अंगणवाडीच्या बाया, विनाअनुदानित शिक्षक, कोतवाल, धनगर, हलबा. मीही दोनदा गेलो आहे, डोक्यावर पांढरी टोपी आणि हातात शेंगदाण्याची पुडी. अडवतात, बसवतात, चार जणांचं शिष्टमंडळ आत जातं, निवेदन देतं, फोटो काढतं, येतं. बाहेरचे चटया गुंडाळतात. या देशातला नव्वद टक्के राजकीय निषेध असाच होतो. (नव्वद हा आकडा माझा, अनुभवाचा.)

२३ नोव्हेंबर १९९४ ला गोवारी बांधव असेच आले होते. आदिवासी असल्याचा हक्क मागायला, लेकराबाळांसह. दिवसभर बसले. संध्याकाळी लाठीमार, चेंगराचेंगरी, ११४ माणसं मेली, बहुतेक बाया आणि मुलं. हातात दगडही नव्हता. झीरो माइलजवळ स्मारक आहे, उड्डाणपुलाला त्यांचं नाव आहे. त्या पुलावरून गाडी नेताना मी दर वेळी मनाशी म्हणतो, हिंसेचं उदात्तीकरण नको असं सांगायचा अधिकार मला आहे, पण आधी या ११४ जणांना काय सांगू? शांत बसा म्हणून? ते शांतच बसले होते.

सिनेमावाल्यांच्या बाजूनं माझ्याकडे असलेला हा सगळ्यात भक्कम मुद्दा. तो खोडून काढता आलेला नाही. लिहून ठेवला.

*

आणि कस्तुरबानगर. १३ ऑगस्ट २००४, नागपूरच्या जिल्हा न्यायालयाच्या इमारतीत वस्तीतल्या बायांनी अक्कू यादवला मारलं. वर्षानुवर्षं त्यानं वस्तीला छळलं होतं, तक्रारी करून काही झालं नव्हतं. त्यावर बेतलेला '२०० हल्ला हो' २०२१ मध्ये आला. अमोल पालेकर, रिंकू राजगुरू. सिनेमा पाहताना जाणवलं, इथं देशभक्तीचा झेंडा नाही, पार्श्वसंगीत जपून वापरलंय, आणि बराच वेळ चौकशीत, कागदात, जातीच्या गोष्टीत जातो. कारण त्या बायांना दुसऱ्या दिवशी त्याच वस्तीत राहायचं होतं, पोलिसांना तोंड द्यायचं होतं, तारखा करायच्या होत्या. वर्षानुवर्षं.

बाईनं उचललेल्या हाताला दुसरा दिवस असतोच. स्वयंपाक कोण करणार?

*

तालमीत आज भगतसिंगानं मला विचारलं, 'सर, तुमाले भगतसिंग आवडत नाई का?' घाबरलोच. म्हटलं, आवडतो रे. असेंब्लीत बॉम्ब टाकला तेव्हा मुद्दाम कोणी मरणार नाही असा टाकला आणि पळाला नाही, तो आवडतो. तुरुंगात पुस्तकं मागवणारा आवडतो. फक्त पिस्तूलवाला म्हणून त्याला कॅलेंडरवर टांगला, की तो बिचारा तेविसाव्या वर्षीच अडकून बसतो.

'पन सर, पिस्तूल तं लागते ना नाटकात?'

लागतं. बाजारातून टिकल्यांचं पिस्तूल आणलं, वीस रुपये. दोन टिकल्या वाजतात, तिसरी फुसकी निघते.

*

चननसिंग मिळाला. नववीतला, शेवटच्या बाकावरचा, फारसा न बोलणारा. त्याचा बाप मॅंगनीजच्या खाणीत कामाला आहे. म्हणाला, 'मी बनतो सर.' का, म्हणून विचारलं नाही. त्यानंच विचारलं :

'सर, तो काऊन धावला? त्याले तं मालूम होतं ना, त्यायच्याजवळ पिस्तूल हाये म्हनून.'

माझ्याजवळ उत्तर नव्हतं. म्हटलं, 'ड्यूटी असेल.'

'पगार किती होता?'

'माहीत नाही बाप्पा.'

त्यानं मान डोलावली आणि वर्गाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चार वेळा धावून पाहिलं. कुठं पडायचं ते खडूनं आखून घेतलं.

*

२६ जानेवारी. ध्वजारोहण झालं, कवायत झाली, भाषणं नेहमीसारखी लांबली, ऊन चढलं. नाटक. साँडर्सची हॅट वाऱ्यानं उडाली, लोक हसले. टिकली वाजली. साँडर्स पडला, टाळ्या. चननसिंग धावला, आझादच्या पिस्तुलाची टिकली फुसकी निघाली, तरी तो पडला. बरोबर खडूच्या रेघेवर. पुन्हा टाळ्या, शिट्टी एक.

साँडर्सला उचलून न्यायला दोन पोरं ठरवलेली होती. चननसिंगाला उचलायला कोणी ठरवायचं मी विसरलो होतो. पडदा नव्हता. तो तसाच पडून राहिला. असेंब्लीचा प्रवेश सुरू झाला, बटुकेश्वर दत्त त्याच्या पायांवरून उडी मारून गेला. बॉम्ब फुटला, पत्रकं उडाली, दोन पत्रकं त्याच्या पाठीवर पडली. कोर्ट झालं. उपोषण आम्ही दोन मिनिटांत उरकलं. फासाचा प्रवेश होईपर्यंत तो पालथाच होता, मैदानाच्या फुफाट्यात, डोळे मिटून. पुढच्या ओळीतल्या बायांपैकी एकीनं पदर नीट केला नि हळूच म्हटलं, 'पोरगं उन्हात पडलं ना बाई.'

राष्ट्रगीताला सगळे उभे राहिले. तोही उठला, पाठीवरची पत्रकं काढली, सावधान झाला. मग गुडघे झाडत बुंदीच्या रांगेत जाऊन उभा राहिला, सगळ्यांत मागे.